‘४०४’ दिसलं की या चुका टाळा

साताऱ्याचे कंदी पेढे, तासगावचा बेदाणा, कासजवळचं होमस्टे, आता सगळ्यांचीच वेबसाइट असते. आणि ऐन हंगामात गिऱ्हाइकाचा फोन येतो, “लिंक उघडत नाही, ४०४ असं काहीतरी दिसतंय.” मालक लगेच ‘सर्व्हर बंद पडलाय’ म्हणत होस्टिंगवाल्याच्या मागे लागतो. ४०४ आलं म्हणजे सर्व्हर चालू आहे, त्याने उत्तरही दिलंय. मागितलेल्या पत्त्यावर त्याला काही सापडलं नाही, एवढंच. तेव्हा आधी पत्ता तपासा.

वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायच्या प्रणालीवर) होमपेज उघडतं आणि आतलं एकही पान उघडत नाही, असं असेल तर घाबरून जुना बॅकअप चढवू नका, मधल्या ऑर्डरी जातील. सेटिंग्जमध्ये पर्मालिंक्स (पानांच्या पत्त्यांची रचना) उघडा आणि काहीही न बदलता सेव्ह करा. होस्टिंग बदलल्यावर झालेला हा घोटाळा बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुटतो. एखादाच फोटो किंवा पीडीएफ अडत असेल तर नावातलं कॅपिटल-स्मॉल बघा. विंडोजवर चाललेलं नाव लिनक्स सर्व्हरवर चालेलच असं नाही.

मराठी पत्त्यांचं दुखणं वेगळंच. ‘साताऱ्याचे-कंदी-पेढे’ हे दिसायला छोटं, पण लिंक कॉपी केली की प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार यांची टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ-नऊ चिन्हं होतात. एवढ्याशा नावाची १६४! वर्डप्रेस २०० च्या पुढचं कापतं. मेसेजमध्ये अशी लिंक मधेच तुटली की उरलेल्या तुकड्यावर ४०४ ठरलेलं. शिवाय ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला सारखाच दिसतो, सर्व्हरला दोन वेगळे पत्ते वाटू शकतात. माझं स्पष्ट मत आहे: शीर्षक, मजकूर सगळं मराठीतच ठेवा, फक्त पत्ता छोटा आणि रोमन लिपीत द्या.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते जुनी पानं उडवल्याने. कासच्या फुलांचं पान दरवर्षी नवं करून गेल्या वर्षीचं डिलीट करणारे कितीतरी आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या लिंका, छापलेले क्यूआर कोड सगळे त्याच क्षणी मेले. पत्त्यात साल घालूच नका, त्याच पानावर मजकूर बदला. पत्ता बदलणं भागच असेल तर जुन्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे आपोआप आणि कायमचं वळवणं, लावा. ३०२ नको, तो तात्पुरत्या बदलासाठी असतो.

मात्र हरवलेलं प्रत्येक पान होमपेजकडे वळवू नका. राजापुरी हळद शोधत आलेला माणूस तिथे गोंधळून परत जातो, आणि गूगलही अशा वळवण्याला सहसा ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे न सापडलेलंच पान, धरतं. माल कायमचा बंद झाला असेल तर ४०४ किंवा ४१० (पान कायमचं काढलंय) राहू दे, त्यात गैर काही नाही. गूगलच्या सर्च कन्सोलमधली न सापडलेल्या पानांची यादी बघून हबकू नका. जिथे खरंच लोक येतात ती पानं आधी घ्या. दुरुस्ती झाली की इनकॉग्निटो (खासगी) खिडकीत तपासा, कारण ब्राउझर जुना रीडायरेक्ट लक्षात ठेवतो.