पेनड्राइव्हवरनं गाडीचा स्टिरिओ अपडेट करताना
आधी सेटिंगमध्ये जाऊन मॉडेल नंबर आणि आत्ताच्या सॉफ्टवेअर व्हर्जनचा फोटो काढून ठेवा, चुकीच्या मॉडेलची फाईल पडली तर स्टिरिओ कायमचा बंद पडू शकतो. पेनड्राइव्ह ८-१६ जीबीचा साधाच घ्या की, फॅट३२ (ड्राइव्हवर फाईली ठेवायची एक पद्धत) निवडून फॉरमॅट मारा. डाउनलोड केलेली अपडेटची झिप उघडून आतली फाईल थेट ड्राइव्हवर टाकायची, फोल्डरमध्ये नाही, आणि नाव अजिबात बदलायचं नाही, माझ्याकडं फाईल दोनदा डाउनलोड होऊन नावामागं कंसात १ आलेला, तसंच टाकलं आणि सात रस्ता चौकात गाडी लावून अर्धा तास घाम पुसत 'फाईल सापडली नाही' बघत बसलो. अपडेट होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, पण गाडी उघड्यावर लावून. स्क्रीनवरचा टक्का अडकल्यासारखा वाटला तरी चावी फिरवू नका, पेनड्राइव्ह ओढू नका. नंतर ब्लूटूथ परत जोडावं लागेल बहुतेक.