जमिनीवरच्या सोलर पॅनेलची वर्षभर देखभाल कशी करावी

गावाकडच्या बऱ्याच घरांवर कौलं किंवा पत्रे असतात, आणि स्लॅब असला तरी तिथे धान्य, पापड वाळत असतात. त्यामुळे सोलर अंगणात, परसात किंवा बांधाकडेच्या मोकळ्या जागेत बसवलं जातं. याचा फायदा मोठा आहे: शिडी न लावता प्रत्येक पॅनेलपर्यंत हात पोचतो. पण हात पोचतो तिथे गवत, चिखल, शेळ्या आणि उंदीरही पोचतात. म्हणून छतावरच्या सोलरसाठी मिळालेल्या सूचना इथे अर्ध्याच कामाच्या. काचेइतकंच लक्ष खालच्या जमिनीकडेही द्यावं लागतं.

आधी एक वही

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, इन्व्हर्टरवरचे (पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारी पेटी) एकूण युनिट लिहून ठेवा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी १ किलोवॉटला साधारण ४ ते ५ युनिट मिळतात, म्हणजे ३ किलोवॉटच्या घरगुती संचाला १२ ते १५. सलग दोन आठवडे आकाश निरभ्र असूनही आठवड्याचे युनिट (दोन नोंदींतला फरक) दहा टक्क्यांहून जास्त घसरले, तर क्रमाने तीन गोष्टी बघा: धूळ, सावली, वायर. बहुतेक वेळा उत्तर पहिल्या दोघांतच मिळतं.

खालची कड

जमिनीवरच्या पॅनेलचं सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं आणि ते लांबून दिसत नाही. जवळ जाऊन, गुडघ्यावर बसून बघा. पाणी काचेवरून घरंगळत येतं, खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला अडतं आणि तिथेच सुकतं. उघड्या मातीवर पडलेल्या पावसाचे शिंतोडेही याच कडेवर उडतात. हळूहळू बोटभर, मग दोन-तीन बोटं रुंदीची मातकट पट्टी तयार होते.

एवढीशी पट्टी काय करणार, असं वाटतं. पण पॅनेलमधले सेल, म्हणजे वीज बनवणारे छोटे चौकोन, तीन गटांत जोडलेले असतात. पॅनेल उभं (लांब बाजू वर-खाली) बसवलेलं असेल, तर सगळ्यांत खालच्या ओळीत तिन्ही गटांचे सेल येतात. ती ओळ झाकली गेली की तिन्ही गटांचा प्रवाह एकदम अडतो. हाफ-कट (अर्धे कापलेले सेल असलेलं) पॅनेल असेल तर वरचा अर्धा भाग चालू राहतो, जुन्या पद्धतीच्या पॅनेलमध्ये तेवढाही नाही. शिवाय ही पट्टी एकाच पॅनेलवर बसत नाही, सगळ्या रांगेवर सारखीच बसते. वरची काच चकचकीत आणि वीज मात्र निम्मी, असं कोडं पडलं तर आधी ही कड पुसून बघा.

पॅनेलची खालची कड जमिनीपासून किमान दोन फूट वर हवी. समोर आणि खाली दोन-तीन इंच खडी किंवा मुरूम पसरा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. अडलेलं पाणी खाली उतरवणाऱ्या छोट्या प्लॅस्टिकच्या क्लिपाही मिळतात. त्या फ्रेमच्या खालच्या कडेला बसवल्या की पट्टी साचणं बरंच कमी होतं.

धुवायचं कसं

सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते. लांब दांड्याचा मऊ मोप, रबरी वायपर आणि एका पॅनेलला दोन-तीन लिटर पाणी पुरतं. धुण्याची पावडर, तारेचा ब्रश, प्रेशरचा फवारा वापरू नका. पाय ठेवून वर चढणं तर नकोच, कारण सेलला पडणाऱ्या बारीक चिरा डोळ्यांना दिसत नाहीत.

बोअरचं पाणी जड असेल तर काचेवर क्षाराचे पांढरे डाग बसतात. ते घालवायला ॲसिड वापरण्याचा सल्ला हमखास मिळतो, तो मानू नका. काचेवरचा थर आणि फ्रेम दोन्ही खराब होतात. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. तेही नसेल तर बोअरच्या पाण्याने धुवा, पण ते सुकायच्या आत वायपरने ओढून काढा. पक्ष्यांची विष्ठा खरवडू नका. त्यावर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा आणि मग पुसा. हा डाग तसाच राहिला तर त्याखालचा सेल तापत राहतो आणि कायमचा जळू शकतो.

दसऱ्यानंतर आणि हिवाळ्यात

खंडेनवमीला अवजारं धुऊन पुजतात, त्याच दिवशी सोलरचीही पहिली मोठी सफाई करावी, असं मला मनापासून वाटतं. पावसाळा सरलेला असतो आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसा उडत असतो. पुढे गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या पट्ट्यात चिमणीची काळी राख आणि पेटवलेल्या पाचटाची काजळी येऊन बसते. अशा ठिकाणी दर आठवड्याला, एरवी पंधरा दिवसांनी धुवा.

हिवाळ्यात सावल्या लांबतात. डिसेंबरात पुण्याच्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे दहा फुटी भिंतीची सावली नऊ फूट पडते. सकाळी नऊला ती कितीतरी लांब. जूनमध्ये मोकळी दिसलेली जागा डिसेंबरात झाकली जाते, आणि शेतातल्या सोलरपुढे तोवर तूर, शाळू नाहीतर ऊस उभा राहिलेला असतो. दक्षिणेकडचा शेवगा छाटा, आणि पुढच्या पेरणीत दक्षिणेच्या कडेला हरभरा, भुईमूग अशी बुटकी पिकं घ्या.

स्ट्रक्चरचा कोन बदलता येत असेल तर दसऱ्याच्या सुमारास तो ३० अंशांच्या आसपास करा आणि गुढीपाडव्याला १० अंशांवर आणा. दहाच्या खाली नको, पाणी उतरत नाही. हे काम दोघांनी, दोन्ही टोकांकडून थोडं थोडं करायचं, नाहीतर फ्रेम पिळवटते.

उन्हाळ्यात

ऊन कडक असूनही वीज कमी का, हा प्रश्न एप्रिल-मेमध्ये पडतोच. पॅनेलचं तापमान २५ अंशांच्या वर जाईल तसं दर अंशाला सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, आणि आपल्या उन्हात पॅनेल ६० अंशांपलीकडे तापतं. हा दोष नाही. मागून वारा खेळता ठेवा. पॅनेलखाली सरपण, कडबा, रिकामी पोती रचू नका. आगीची भीती वेगळी आणि उंदरांचं घर वेगळं.

आंब्याखाली सोलर असेल तर मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा पडतो आणि त्यावर धूळ घट्ट बसते. कोमट पाण्याने लगेच पुसा.

काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात माती फुगते, त्यामुळे काँक्रीटचे पाय हलतात. पाणसळ लावून रांग सरळ आहे का ते बघा. अर्थिंगच्या खड्ड्यातही अधूनमधून पाणी घाला, कोरड्या मातीत अर्थिंग नीट लागत नाही.

वळवाच्या आधी

हे काम एप्रिल संपायच्या आत उरका. विजा आणि वावटळी वळवातच जास्त असतात.

१. सगळे नट-बोल्ट आणि क्लॅम्प पाना लावून तपासा, पण काच दाबली जाईल इतके आवळू नका.
२. गंजलेल्या जागी, विशेषतः कापलेल्या आणि भोक पाडलेल्या कडांवर, झिंकचा रंग लावा. कोकणात खाऱ्या हवेमुळे हे दरवर्षी लागतं.
३. डीबी बॉक्समधल्या (वायरी आणि बटणांची पेटी) सर्ज प्रोटेक्टरची, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणाऱ्या भागाची, छोटी खिडकी बघा. हिरवी असेल तर ठीक, लाल झाली असेल तर तो बदलून घ्या.
४. लोंबणाऱ्या वायरी काळ्या, उन्हात टिकणाऱ्या टायने फ्रेमला बांधा. कुरतडलेली वायर दिसली तर हात लावू नका.

पावसाळ्यात

सकाळी इन्व्हर्टरवर ‘आयसोलेशन’ची (वायरीतून वीज जमिनीकडे गळत असल्याची) चूक येते आणि दुपारी आपोआप जाते, असं झालं तर बहुधा एखादा कनेक्टर ओल्या गवतात पडलेला असतो. सगळे कनेक्टर जमिनीपासून वर हवेत. मात्र ते स्वतः उघडू नका. घरचा मेन बंद केला तरी उजेड असेपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या वायरीत वीज असतेच. ३ किलोवॉटच्या संचात ती अडीचशे व्होल्टच्या पुढे जाऊ शकते, आणि चालू प्रवाहात कनेक्टर ओढला तर ठिणगी जाळ धरते. संच बंद करायचाच असेल तर आधी एसीचं (घराकडच्या विजेचं) बटण, मग डीसीचं (पॅनेलकडच्या विजेचं).

गवत खुरप्याने किंवा विळ्याने काढा. दोरीच्या ग्रासकटरने उडालेला खडा काच फोडतो. पेटवून तर कधीच काढू नका. मेंढ्या चरायला सोडल्या तर चालतात, शेळ्या नकोत, त्या चढतात. म्हैस अंग घासते, तेव्हा चारही बाजूंनी कुंपण हवंच. घाणेरी आणि वेली फ्रेमवर चढू देऊ नका. डीबी बॉक्स उघडण्याआधी बाहेरून काठीने वाजवा, कारण कोरड्या, उबदार जागेत साप येऊन बसतो.

पुराचं पाणी स्ट्रक्चरपर्यंत आलं तर जवळ जाऊ नका, इतरांनाही जाऊ देऊ नका. पाणी ओसरलं, काच सुकली, तरी तंत्रज्ञाने वायरींचं इन्सुलेशन मोजून दिल्याशिवाय संच चालू करू नका.