बिघडलेली मूर्ती मोडताना या चुका टाळा

पावसाने जोर धरला की गोव्यातल्या चित्रशाळांत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या कारखान्यांत, माती मळली जाते, आणि घरच्या घरी चवथीचा गणपती करणारे हौशी लोकही पाटासमोर बसतात. जमलं नाही तर मोडून पुन्हा घ्यायचं, हे या कामात रोजचंच. तरी मोडायला हात धजत नाही. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मातीच आहे, पाप-बिप काही लागत नाही.

सगळ्यांत महागात पडते ती चूक म्हणजे चांगला जमलेला तेवढा भाग वाचवणं. बैठक कललेली, पोट एका अंगाला गेलेलं, पण सोंडेचं वळण झकास! मग तारेने मुख कापायचं आणि नव्या धडावर चढवायचं. तोवर मुख अर्धं सुकून आकसलेलं असतं, धड मात्र ओलं. पुढे धड सुकून आकसू लागलं की सांधा सुटतो, गळ्याभोवती चीर पडते. वरून पातळ माती लिंपली तरी ती चीर रंगाखालून पुन्हा डोकं वर काढते. शिवाय मुख जुन्या मापाचं, म्हणून नवं धडही त्याच मापाने बेतलं जातं. मग मोडलं काय? सोंड सोडून द्या. ती वळवणारा हात तुमच्याकडेच आहे.

दुसरी चूक घाईची. मोडलेले गोळे अर्धवट ओले असतानाच पाण्यात टाकतात. असे चिवट गोळे आतपर्यंत भिजत नाहीत आणि मळताना गुठळ्या हाताला लागत राहतात. ते आधी खडखडीत सुकू द्या, सुपारीएवढे तुकडे करा, मग पाण्यात घाला. माती आपसूक विरघळून तळाशी बसते. ढवळू नका. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी ओतून गाळ गोणपाटावर पसरा आणि अधूनमधून उलथा. पावसाळी हवेत वेळ लागणारच. पंख्याखाली ठेवलात तर वर पापुद्रा, आत चिखल. रंग लागला असेल तर तो आधीच खरवडून काढा.

जुन्या मूर्तीचा फोटो समोर ठेवून तीच पुन्हा करू नका. फोटो फक्त बैठक कुठे चुकली ते बघण्यापुरता.

आणि चवथ तोंडावर आली असेल तर मोठी मूर्ती नव्याने घेऊच नका, वीतभर करा. ती वेळेत सुकते. आत ओल राहिलेल्या मोठ्या मूर्तीवर रंगाचे पोपडे येतात. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली, लहान दिसेल असं वाटत असेल, तर पाटाखाली चौरंग घ्या.