कार्ड मेलं म्हणण्याआधी

रविवारी ऐरोलीला मावसभावाकडे जायचंय. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठी त्याने एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेतलंय, मशीनवर फेडोरा लिनक्स आहे, आणि कार्ड दिसत नाही म्हणतोय. गेल्या जुलैत ठाण्यात माझ्या घरी हेच झालं होतं. दोन दिवसांत उबुंटू, फेडोरा, डेबियन अशा तिन्ही डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे प्रकार, टाकून पाहिल्या, आणि शेवटी माझं जीटीएक्स १६५० प्लास्टिकमध्ये गुंडाळून भर पावसात दादरला गाडी बदलत लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठला. दुकानदाराने त्याच्या मशीनला लावलं, लगेच चित्र आलं. कार्ड ठणठणीत होतं. राहिली होती ती सिक्युअर बूटची, म्हणजे मशीन सुरू होताना सह्या तपासणाऱ्या सोयीची, चावी. म्हणून या वेळी सगळं आधी लिहून काढतोय.

पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, लाइव्ह पेनड्राइव्ह, एचडीएमआय केबल. मोबाइलचं नेट देण्यासाठी यूएसबी केबल. खोडरबर घ्यायचाच, पावसाळी हवेत कार्डाच्या सोनेरी पट्टीवर थर बसतो, तो हलक्या हाताने पुसला की निघतो. आणि वायरचा कीबोर्ड. मावसभावाकडे ब्लूटूथचा आहे, तो ऐनवेळी चालणार नाही. कारण पुढे येतंच आहे.

पोचल्यावर आधी मशीन बंद, प्लग काढलेला. कार्ड स्लॉटमध्ये खटकन बसलंय का आणि पॉवर सप्लायची वेगळी वायर जोडलीय का, ते बघायचं. माझं १६५० पंच्याहत्तर वॉटमध्ये भागतं आणि स्लॉट तेवढेच देतो. ३०६० ला १७० लागतात, वायरीशिवाय ते चालणारच नाही. मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, मदरबोर्डला नाही.

मग टर्मिनलवर 'एलएसपीसीआय डॅश एनएनके'. यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मी ते एकच समजलो होतो. यादीत कार्डाची ओळ आहे का? १०डीई हा एनव्हिडियाचा क्रमांक, १००२ एएमडीचा, ८०८६ इंटेलचा. ओळच नसेल तर स्लॉट, वायर, बायोस; तिथे डिस्ट्रो बदलून काही होत नाही. ओळ असेल तर कार्ड सापडलंय, आणि प्रश्न खालच्या 'कर्नल ड्रायव्हर इन यूज'चा. तिथे 'नूवो' हा लिनक्समधला खुला ड्रायव्हर दिसला किंवा ती ओळच नसली, तर अडलंय ते ड्रायव्हरपाशी. इथे आल्यावर कार्डाला हात लावायचा नाही.

आता 'मोकयुटिल', पुढे 'एसबी-स्टेट'. सिक्युअर बूट चालू असेल तर सही न ओळखलेलं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा तुकडा, कर्नल (लिनक्सचा गाभा) आत घेत नाही. 'मॉडप्रोब एनव्हिडिया' केलं की 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उत्तर येतं. ही ओळ माझ्या स्क्रीनवर तीनदा आली आणि तीनही वेळा मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. ड्रायव्हरमध्ये काही वावगं नव्हतं. चावी नोंदवलेली नव्हती.

चावी नोंदवायची म्हणजे: फेडोरात आरपीएम फ्यूजन हा जादा पॅकेजेसचा साठा जोडून, ड्रायव्हर टाकण्याआधीच 'केमॉडजेनसीए'ने चावी बनवायची, 'मोकयुटिल इम्पोर्ट'ला द्यायची. पासवर्ड विचारेल, साधा ठेवा, कागदावर लिहा. रिबूट करा आणि खुर्चीतून उठू नका. निळा स्क्रीन येतो, दहापासून उलटी मोजणी सुरू होते, आणि तेवढ्यात एखादं बटण दाबलं नाही तर मशीन काहीच न बोलता पुढे निघून जातं. मी त्या वेळी चहा टाकायला गेलो होतो. तिन्ही वेळा तो स्क्रीन मला दिसलाच नाही. बटण दाबा, 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, रिबूट. ब्लूटूथ कीबोर्ड त्या क्षणी जागा झालेला नसतो, म्हणून वायरचा. हुकलं तर इम्पोर्टपासून पुन्हा. आणि चावी डिस्ट्रोगणिक वेगळी बनते, तेव्हा उबुंटूत नोंदवली म्हणून फेडोरात चालेल असं नाही. नवी डिस्ट्रो, नवी चावी, पुन्हा तो निळा स्क्रीन, पुन्हा खुर्चीतच बसून राहायचं.

त्यानंतर ड्रायव्हर, म्हणजे 'एकेमॉड-एनव्हिडिया' हे पॅकेज. टाकल्यावर लगेच रिबूट करायचं नाही, मॉड्यूल मागे बांधलं जात असतं. पाचेक मिनिटं थांबा, 'मॉडइन्फो'ने आवृत्ती दिसली की मगच.

डेबियन असेल तर सोर्सेसमध्ये, म्हणजे पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत, नॉन-फ्री, आणि १२ पासून नॉन-फ्री-फर्मवेअर वेगळं लिहावं लागतं. कर्नलचे हेडर्स विसरलात तर मॉड्यूल बांधणारं डीकेएमएस काही बांधणार नाही. उबुंटूत 'उबुंटू-ड्रायव्हर्स' स्वतःच निवडतं, पण पासवर्ड विचारलाच तर तो निळ्या स्क्रीनसाठी आहे. आर्चच्या अधिकृत आयएसओला सिक्युअर बूट बंदच करावं लागतं, म्हणून तिथे चाललं तरी बाकी ठिकाणी चालेलच असं धरू नका.

स्क्रीन काळा झाला तर ग्रब या बूट मेनूत 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीला 'नोमोडसेट' जोडायचं. शेवटी 'एनव्हिडिया-एसएमआय'ने कार्ड दिसतंय का ते बघायचं, मग ब्लेंडरमध्ये कार्ड निवडणे.

निघताना वायरचा कीबोर्ड पिशवीत आहे का, ते बघायचं.