अटलांटाचा अल्बम ऐकायचाय? गाडीत बसा

उदगीर-लातूर रस्त्यावर मी काळी-पिवळी चालवतो. मागच्या सीटखाली बारा इंची वूफर आहे. त्यावर आउटकास्ट या अमेरिकेतल्या अटलांटाच्या रॅपर जोडीचा 'अ‍ॅक्वेमिनी' अल्बम लागला की कॉलेजची पोरं विचारतात, "मामा, काय लावलाव हे? काही कळायलंय का?" त्यांच्यासाठी हे लिहितो.

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून खालचा सूर निघतच नाही, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतलं हिपहॉप त्या खालच्या सुरावरच उभं आहे. तिकडंही ते गाडीतच वाजतं. बेस अर्ध्यावर ठेवा, फुल नको. आधी गाडीतलं जे जे ढिलं आहे ते आवळा. माझ्या नंबरप्लेटचा एक स्क्रू सैल होता. तिची खर्रर्र मी दोन महिने गाण्यातलीच समजत होतो!

अल्बम 1998 चा. नाव जोडीतल्या दोघांच्या राशींवरून: बिग बॉय कुंभेचा, आंद्रे 3000 मिथुनेचा (अ‍ॅक्वेरियस अधिक जेमिनी). पहिल्यांदा शब्दांच्या मागं लागू नका, दोघांचे आवाज तेवढे वेगळे करा. बिग बॉय म्हणजे स्टँडवर एका दमात "लातूर-लातूर-लातूर" ओरडणारा पोरगा. आंद्रे खिडकीशी बसून स्वतःशीच बोलणारा.

मग 'रोझा पार्क्स' लावा. मधेच रॅप थांबतो आणि माउथ ऑर्गन, टाळ्या, पायांचे ठोके सुरू होतात. माउथ ऑर्गन वाजवणारा आंद्रेचा सावत्र बाप, तो पाद्री. म्हणजे शहरी गाण्यात गावाकडचं चर्च घुसलं. आपल्याकडं भजनात टाळ वाढतात तशी इथं अंगात लय चढते.

दुसऱ्या फेरीला शब्द समोर ठेवा. 'स्पॉटीऑटीडोपालिशस' सात मिनिटांचं आहे, घाई करू नका. तुताऱ्यांसारखे ब्रास संथ वाजतात आणि गोष्ट चालते: क्लबात पोरगी भेटते, मग लेकरू होतं, आणि नोकरी? पार्सल कंपनी आणि पोस्टातून बोलावणंच येत नाही, कारण लघवीच्या तपासणीत नशा सापडते. गडी परत जुन्याच धंद्यात. पोलीस भरतीतून चारदा परत आलेली पोरं माझ्याच गाडीत बसतात. त्यांना हे समजवावं लागत नाही. नशेचं सोडा, ते फोनकडं बघत बसणं तेच.

'आर्ट ऑफ स्टोरीटेलिन'च्या पहिल्या भागात आंद्रे एका मैत्रिणीला विचारतो, मोठी झाल्यावर काय व्हायचंय? ती म्हणते, जिवंत. इथं मी आवाज कमी करतो.

उच्चार अडले तर लाजू नका. 1995 ला न्यूयॉर्कच्या पुरस्कार सोहळ्यात ह्याच दोघांची हुर्यो उडवली होती, तेव्हा आंद्रे माईकवर म्हणाला की दक्षिणेलाही काही सांगायचंय. पुण्यात "करायलाव" म्हटल्यावर हसणारे भेटलेत ना? मग तुम्हाला हा अल्बम लवकर लागेल.

शफल मात्र बंद ठेवा. उदगीरहून निघालं की लातूर येईस्तोवर सगळा ऐकून होतो, मधे चहाला थांबलात तरी.