आयसीएफ फाउंडेशनवर बेसमेंट फिनिश करायचंय? मग काँक्रीट भरायच्या आधीच हे ठरवून टाका

आधी घर उभं राहू दे, बेसमेंटचं नंतर बघू, असं जवळपास सगळेच म्हणतात. साध्या काँक्रीटच्या फाउंडेशनला ते चालून जातं. आयसीएफला मात्र नाही चालत, कारण या भिंतीत बेसमेंट फिनिशिंगचं अर्धं काम काँक्रीट भरतानाच होऊन जातं, म्हणजे इन्सुलेशन झालेलं असतं, ड्रायवॉल (जिप्समचे बोर्ड) ठोकायला आधार तयार असतो, आणि ते नीट होणार की नाही हे त्याच दिवशी ठरतं. म्हणून फायदे काय ते सांगतोच, पण ते पदरात पाडून घ्यायला कधी काय करायचं तेही सांगतो.

ज्यांना आयसीएफ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयसीएफ म्हणजे इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्म. ईपीएस फोमच्या (म्हणजे थर्माकोलच्या जातीच्या) दोन पाट्या, साधारण अडीच अडीच इंच जाडीच्या, मध्ये प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जोडलेल्या, त्या पट्ट्यांना वेब म्हणतात. मुलांच्या खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे हे ब्लॉक एकात एक बसवत वर न्यायचे, आत सळया बांधायच्या आणि मधल्या पोकळीत काँक्रीट भरायचं. नेहमीच्या शटरिंगसारखं नंतर काही काढायचं नाही, फोम तिथेच कायमचा राहतो. कल्पना नवी अजिबात नाही, कॅनडातल्या वर्नर ग्रेगोरी नावाच्या कंत्राटदाराने १९६६ मध्येच असा फोमचा ब्लॉक पेटंटसाठी दाखल केला होता. बेसमेंटला बहुतेक वेळा ६ किंवा ८ इंच काँक्रीटचा गाभा घेतात, भिंत किती उंच आणि बाहेर मातीचा भराव किती त्यावर ते इंजिनियर ठरवतो.

आता सगळ्यात मोठा फायदा, आणि माझ्या मते फक्त एवढ्यासाठी सुद्धा आयसीएफ घ्यावं. साध्या काँक्रीटच्या बेसमेंटमध्ये काय होतं बघा, भिंत जमिनीतल्या मातीला टेकलेली म्हणून थंड, तिच्यासमोर लाकडी फ्रेम उभी करतात, फ्रेममध्ये ग्लासवूल भरतात आणि वरून ड्रायवॉल. खोलीतली उबदार दमट हवा कुठल्या ना कुठल्या फटीतून मागे जातेच, थंड काँक्रीटवर तिचं पाणी होतं, ते पाणी ग्लासवूलमध्ये आणि लाकडात मुरतं आणि मागच्या मागे बुरशी धरते. दिसत काहीच नाही, फक्त कुबट वास येतो आणि ड्रायवॉल उघडल्यावर कळतं आत काय झालंय ते. आयसीएफमध्ये थंड काँक्रीट आणि खोलीतली हवा यांच्यामध्ये अडीच इंच फोम अखंड चिकटलेला असतो, हवेला तिथवर पोचायला वाटच नाही, आणि फोमचा खोलीकडचा पृष्ठभाग जवळपास खोलीच्याच तापमानाला राहतो त्यामुळे पाणी धरत नाही. शिवाय बुरशीला खायला तिथे लाकूडही नाही.

दुसरं, इन्सुलेशन. उष्णता किती अडते ते आर आकड्यात मोजतात, जेवढा जास्त तेवढं चांगलं. ईपीएस इंचाला साधारण आर-४ देतं, दोन्ही बाजू मिळून पाच इंच म्हणजे आर-२० च्या आसपास. हा आकडा लाकडी फ्रेमच्या आकड्याशी थेट तोलू नका. फ्रेममध्ये दर दीड-दोन फुटाला एक लाकूड येतं आणि लाकूड इंचाला आर-१ च्या जरा वर, म्हणजे तिथून उष्णता निघून जाते, त्यामुळे ग्लासवूलच्या पाकिटावर जो आकडा छापलाय तो पूर्ण भिंतीला कधीच मिळत नाही. फोम सलग असतो, तो देतो तेवढं देतो.

तिसरा फायदा कामाचा. वेबची टोकं फोमच्या पृष्ठभागापासून साधारण अर्धा इंच आत, ६ किंवा ८ इंचांच्या अंतराने उभी असतात, ड्रायवॉलचे स्क्रू थेट त्यांच्यातच मारायचे. म्हणजे वेगळी फ्रेम नाही, वेगळं इन्सुलेशन नाही, ते दोन्ही कारागीर बोलवायची गरज नाही.

जागा खूप वाचते असंही सांगतात लोक, तिथे मी जरा हात आखडता घेईन. ८ इंच गाभ्याची आयसीएफ भिंत १३ इंच होते, आणि साधी ८ इंची भिंत अधिक थोडी फट अधिक साडेतीन इंची फ्रेम धरली तरी तेवढंच होतं. ६ इंच गाभ्यात भागत असेल तर दोनेक इंच मिळतात. जागेसाठी म्हणून आयसीएफ घेऊ नका. आणि खर्च बघताना नुसत्या काँक्रीटच्या भिंतीचं कोटेशन आयसीएफच्या कोटेशनशेजारी ठेवू नका, आयसीएफ महागच दिसणार. फ्रेम, इन्सुलेशन आणि त्यांची मजुरी साध्या भिंतीत मिळवा आणि मग तुलना करा.

काँक्रीट भरायच्या आधी

बेसमेंटचा प्लॅन कागदावर पक्का करा. बाथरूम कुठे, बेडरूम कुठे, ड्रायरचा पाइप कुठून बाहेर, एसीच्या नळ्या कुठून, पाणी, ड्रेनेज, बाहेरच्या दिव्याची वायर, सगळं. प्रत्येक ठिकाणी भिंतीतून आरपार पीव्हीसीची स्लीव्ह टाकून ठेवा, आणि एकदोन जास्तीच्या टाका, रिकाम्या राहिल्या तर दोन्हीकडून बंद करता येतात. सळया असलेल्या आठ इंच काँक्रीटला नंतर भोक पाडणं म्हणजे कोअर कटिंगवाला बोलवा, पैसे मोजा, आणि वर सळई कापली जायची भीती.

बेडरूम काढायची असेल तर संकटात बाहेर पडता येईल एवढी खिडकी लागते, अमेरिकेतल्या आयआरसी या घरबांधणीच्या कोडप्रमाणे मोकळी जागा ५.७ चौरस फूट आणि खिडकीची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांच्या वर नको. तुमच्याकडचा नियम काय ते आधी विचारा, कारण खिडकीची चौकट ब्लॉक रचतानाच बसते, नंतर भिंत फोडून खिडकी कोणी करत नाही.

ब्लॉक रचताना स्वतः जाऊन एक गोष्ट बघा. खालपासून वरपर्यंत वेब एकाच उभ्या रेषेत येतायत का. ब्लॉकच्या बाहेर त्यांच्या खुणा छापलेल्या असतात. सांधे पुढेमागे करताना कारागिराने वेबच्या अंतराच्या हिशेबाने सरकवलं नाही तर रेषा तुटते, आणि पुढे ड्रायवॉलवाला अंदाजाने स्क्रू मारत बसतो, अर्धे नुसत्या फोममध्ये जातात आणि फोम स्क्रू धरत नाही. आतल्या बाजूचे टेके आणि ओळंबा पण बघून घ्या, भिंत जेवढी सरळ तेवढं फिनिशिंग सोपं.

काँक्रीट ३-४ फुटांच्या थरांनी, घराभोवती फिरत फिरत भरायचं, एकाच जागी पूर्ण उंची भरली तर फोम फुटून काँक्रीट बाहेर येऊ शकतं. व्हायब्रेटर बारीक तोंडाचा हवा आणि तो नीट मारलाच पाहिजे. इथे आयसीएफचा एक खरा तोटा आहे, फॉर्म काढायचा नसल्यामुळे आत कुठे पोकळी राहिली तर डोळ्याला दिसत नाही. म्हणून काँक्रीट घट्ट झाल्यावर भिंत हातोडीने हलकेच ठोकत जा, खिडक्यांच्या खाली आणि कोपऱ्यांत जास्त, भरलेल्या ठिकाणी आवाज भरीव येतो, पोकळीवर बदलतो. शंका आली तर तेवढाच फोम कापून बघा, पोकळी भरा, तुकडा परत चिकटवा.

बाहेरची बाजू, जी फिनिश बेसमेंटचा खरा जीव आहे

फोम म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही. ब्लॉकच्या सांध्यांतून पाणी आत येऊ शकतं आणि एकदा आत आलं की फोम आणि काँक्रीटच्या मधून भलतीकडेच निघतं, उगम शोधणं महाकठीण. बाहेरून चिकटणारी मेम्ब्रेन लावा, तिच्यावर उंचवट्यांची ड्रेनेज शीट, आणि पायथ्याशी खडी, फिल्टर कापड आणि ड्रेन पाइप. सॉल्व्हंट असलेलं डांबर किंवा प्रायमर चुकूनही नको, ते ईपीएसला विरघळवतं, डब्यावर बघा, ईपीएसला चालेल असं लिहिलेलंच घ्या. जमिनीच्या वर दिसणारा फोम उन्हाने पिवळा पडून भुगा होतो, त्यावर जाळी आणि गिलावा लागतोच. भराव घालायची घाई करू नका, वरचा मजल्याचा सांगाडा बसल्याशिवाय भिंतीला वरून आधार नसतो.

वाळवीचा प्रदेश असेल तर आधी चौकशी करा. वाळवी फोम खात नाही पण त्यातून लपून वर लाकडापर्यंत पोचते. काही ठिकाणी जमिनीखाली बाहेरून फोम लावायलाच बंधन आहे, काही ठिकाणी औषध मारलेला फोम किंवा धातूचा अडथळा चालतो.

आतलं काम

वायरिंग आधी. गरम सुरीने किंवा छोट्या इलेक्ट्रिक साखळी करवतीने फोममध्ये खाच पाडायची, केबल पृष्ठभागापासून किमान सव्वा इंच आत जाईल एवढी खोल, म्हणजे ड्रायवॉलचा स्क्रू तिला लागणार नाही. केबल दाबून बसवा, अधूनमधून स्प्रे फोमचा ठिपका. स्विचचा बॉक्स मागे काँक्रीटला स्क्रूने पक्का करा आणि तोंड ड्रायवॉलच्या जाडीएवढं बाहेर ठेवा. ड्रेनेजचा जाड पाइप मात्र या भिंतीत मावत नाही, तो आतल्या पार्टिशनमधून न्या.

जिथे कपाटं किंवा टीव्ही टांगायचाय तिथे प्लायवूडच्या जाडीएवढा फोम खरवडून काढा आणि प्लायवूड वेबला स्क्रूने बसवा, मग त्यावरून ड्रायवॉल. फारच जड वस्तू असेल तर थेट काँक्रीटमध्ये अँकर.

लांब सरळ पट्टी भिंतीवर फिरवा, फोम जिथे फुगलाय तिथे किसणीने घासा. ड्रायवॉल लावायच्या आधी वेबच्या रेषा जमिनीवर आणि छतावर पेन्सिलने मारून ठेवा आणि टेप धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. अर्धा इंची ड्रायवॉलला १ ५/८ इंची, जाड आट्यांचे स्क्रू, सोबत फोमला चालणारा गोंद. खालून अर्धा इंच मोकळं सोडा, पाणी सांडलं तर ड्रायवॉल ते शोषत नाही.

फोमवर प्लास्टिकची व्हेपर शीट टाकू नका, एवढ्या जाडीचा फोम स्वतःच ओलाव्याला पुरेसा रोखतो, आणखी प्लास्टिक टाकलं तर मागचा ओलावा अडकून बसतो. आणि फोम उघडा ठेवू नका, अगदी स्टोअररूममध्ये पण. आग लागली तर त्याचा धूर जीवघेणा असतो, अर्धा इंच जिप्समचं आवरण त्यासाठी सक्तीचं असतं.

जमीन विसरू नका. भिंती उबदार आणि कोबा थंड असं झालं तर ओल तिथे धरते. कोबा टाकायच्या आधीच खाली दोन इंच फोम आणि प्लास्टिक शीट हवी, रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी वायू) असलेल्या भागात सोबत त्याचा पाइपही. लाकडी फ्लोअरिंग घालायच्या आधी १८ इंच चौरस पारदर्शक प्लास्टिक कोब्याला चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि निदान १६ तास तसंच ठेवा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट गडद झालं तर थांबा. भिंतीतल्या काँक्रीटलाही दोन्हीकडून फोम असल्यामुळे ते वाळायला वेळ घेतं आणि घर इतकं हवाबंद होतं की दमटपणा आपोआप बाहेर जात नाही, म्हणून पहिलं वर्षभर डिह्युमिडिफायर चालू ठेवा आणि ताज्या हवेसाठी व्हेंटिलेशनचं मशीन प्लॅनमध्येच धरा, त्याच्या दोन पाइपांच्या स्लीव्हसकट.