अंदमानला जाताय? बीचचं टायमिंग बदला

मुंबईच्या सवयीने आपण ४-४:३० ला चहा पिऊन बीचवर निघतो, पण अंदमानला घड्याळ तेच असलं तरी डिसेंबरात ५ च्या सुमारासच सूर्य मावळतो. आम्ही हॅवलॉक बेटाच्या (आताचं स्वराज द्वीप) राधानगर बीचवर पोचलो तर अंधार पडत आलेला, लेकीची बादली-फावडं कोरडीच परत आली, फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशीपासून असं केलं:

१. पहाटे ५ चा अलार्म, सव्वापाचला उजाडायला लागतं, ६ ला बीचवर. वाळूवर खेकड्यांनी केलेल्या वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी असते, लेक तिथेच रमली.
२. ऊन तापलं की जेवण, झोप.
३. ३ ला परत बीचवर, परतीची रिक्षा आधीच ठरवून.

अंधारात पाण्यात अजिबात उतरू नका, लाइफगार्डची शिट्टी वाजली की लगेच बाहेर.